सीकॅपवरचं एक नाव आणि गाडीतल्या दोन रिकाम्या सीट्स : आमच्या मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र

कमिटीतल्या ताई-दादांनो आणि ग्रुपवरच्या सगळ्या पालकांनो,

हे पत्र खरं तर मी फक्त अध्यक्षांना पाठवणार होते, पण मग म्हटलं एका दादांचं नाव कोर्टाच्या साइटवर दिसलं म्हणून त्यांना पोरं नेणाऱ्यांच्या यादीतून काढल्याची चर्चा अख्ख्या ग्रुपवर झाली, तर त्याचं उत्तर एकट्या अध्यक्षांच्या इनबॉक्समध्ये कशाला, आणि शिवाय हा घोळ आपल्याच मंडळात होतो असं काही नाही, त्यामुळे बाहेरच्यांनीही वाचलं तर चालेल. मंडळाचं, काउंटीचं, माणसांचं, कुणाचंच नाव घेत नाहीये. ओळखणारे ओळखतील.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगते. आम्ही विस्कॉन्सिनच्या नैऋत्य कोपऱ्यात तीन काउंट्यांत विखुरलेली वीसेक मराठी कुटुंबं. कुणी छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर, कुणी घरून कॉम्प्युटरवर, मी चीजच्या फॅक्टरीत लॅबमध्ये. शेजारी म्हणजे गायी आणि मका. रस्त्यांना नावंसुद्धा नाहीत, काउंटी रोड एफ, काउंटी रोड झेडझेड असली अक्षरं आहेत, माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या ही काय बाराखडी शिकवायला रस्ते बांधलेत का. मुलांची मराठी शाळा मॅडिसनच्या बाजूला, रविवारी सकाळी, जायला सव्वा तास. म्हणून आम्ही पालक आळीपाळीने गाड्या काढतो, एका गाडीत पाच-सहा पोरं.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्याच एका कुटुंबाच्या गाडीला एका पिकअपने मागून ठोकलं, चालवणारा प्यायलेला होता. जीव वाचले, पण तेव्हापासून सगळ्यांच्या पोटात गोळा आहे आणि तो असायलाच हवा. इथे शुक्रवारी फिश फ्राय, सपर क्लब म्हणजे इथल्या जुन्या धाटणीच्या रेस्टॉरंटमध्ये ब्रँडी ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल, आणि मग त्याच अंधाऱ्या वळणांच्या रस्त्याने गाडी चालवत घरी, हे इतकं रोजचं आहे की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. बस नाही, रिक्षा नाही, उबर उघडलं तर गाड्या नाहीत म्हणून सांगतं. पुण्यामुंबईत जशी नाकाबंदी लावून तोंडाला मशीन लावतात तसलं या राज्यात कायद्यानेच करता येत नाही, पोलिसाला आधी गाडीत काहीतरी वावगं दिसावं लागतं. म्हणजे कमिटीने पोरांना नेणाऱ्यांची चौकशी करायची ठरवलं यात माझं काहीच म्हणणं नाही, मीच हात वर केला होता. माझं भांडण आहे ते चौकशी कशी झाली त्याच्याशी.

झालं काय, तर तिघांनी एका संध्याकाळी बसून यादीतली सगळी नावं सीकॅपवर टाकली. सीकॅप म्हणजे इथल्या सर्किट कोर्टांची, म्हणजे काउंटीकाउंटीतल्या राज्याच्या कोर्टांची, ऑनलाइन रेकॉर्डची साइट, १९९९ पासून लोकांसाठी खुली आहे, पैसे नाहीत लॉगिन नाही, नाव टाका आणि बघा. विस्कॉन्सिनमध्ये हा जवळजवळ राष्ट्रीय खेळ आहे, भाडेकरू ठेवायचाय, कुणाशी डेटिंग करायचंय, शेजारी नवीन आलाय, आधी सीकॅप. तर त्या संध्याकाळी एका दादांचं नाव निघालं. आडनाव सांगत नाही, पण सांगली-कोल्हापुरात दगड मारला तर ज्याच्या डोक्यावर पडेल त्याचं ते आडनाव. शेजारच्याच काउंटीत केस, 'स्टेट ऑफ विस्कॉन्सिन विरुद्ध' आणि पुढे दादांचं नाव, आत उघडून एकाने वाचलं तर ओडब्ल्यूआय, सेकंड. ओडब्ल्यूआय म्हणजे नशेत गाडी चालवणं, बाकीची राज्यं ज्याला डीयूआय किंवा डीडब्ल्यूआय म्हणतात तेच. झालं, स्क्रीनशॉट काढला, छोट्या ग्रुपवर टाकला, छोट्यातून तो मोठ्यात कसा आला हे तुम्हीच मला सांगा, आणि दादांना यादीतून काढलं. कुणी फोन नाही केला. त्यांना कळलं त्यांच्या मुलीकडून, कारण तिला दुसऱ्या एका मुलीने विचारलं, तुझे बाबा ड्रंक ड्रायव्हर आहेत का गं.

तो माणूस आपले दादा नाहीत हे तुम्हाला आता माहितीये. पण ते कसं कळलं हे बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून सांगते.

मी एक दिवस अर्धी सुट्टी टाकली आणि शेजारच्या काउंटीच्या कोर्टात गेले. अशा काउंटीचं कोर्ट म्हणजे काय तर गावातल्या चौकात एक जुनी दगडी बिल्डिंग, आत जज एकच, आणि क्लर्कच्या खिडकीवरची बाई तुम्हाला 'हन' म्हणजे लाडाने 'हनी' म्हणते. मी म्हटलं एक फाइल बघायचीय. केस नंबर आहे का? होता, स्क्रीनशॉटवर होता ना. नंबर नसता तर शोधण्याचे पाच डॉलर पडतात. फाइल बघायला पैसे नाहीत, झेरॉक्स हवी तर पानाला सव्वा डॉलर. तुम्ही कोण, कशाला हवीय, एक प्रश्न नाही. माझी मात्र आपली तयारी, सोबत ओळखपत्रं, एक अर्जसुद्धा टाइप करून नेला होता, साताऱ्यातल्या ऑफिसांची सवय, दुसरं काय.

फाइल उघडली आणि पहिल्या पानावर उत्तर. पत्ता दुसऱ्याच शहराचा, इथून तीन तासांवरचा. जन्मसाल दादांपेक्षा अकरा वर्षांनी वेगळं. तो माणूस इथे राहतच नव्हता, तो हायवेने चाललेला, शेरीफच्या डेप्युटीने म्हणजे काउंटीच्या पोलिसाने इथे अडवला म्हणून केस या काउंटीत. तुमच्यापैकी एकजण मीटिंगमध्ये म्हणाले होते ना की आपल्या इथे गावात त्याच नावाचा दुसरा मराठी माणूस येणार कुठून, तर त्याचं हे उत्तर, रेकॉर्डवरची काउंटी ही रस्त्याची असते, घराची नसते. आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू, हे बघायला माझ्यासारखं अर्धा दिवस जायचीसुद्धा गरज नव्हती. जन्मसाल साइटवरच होतं, पत्ता केसच्या पानावर होता. ज्याने चार्ज वाचला त्याने दोन ओळी वर नजर टाकली नाही.

आणि अजून एक कबुली. दादांचं नाव स्वच्छ करायच्या नादात मी त्या परक्या माणसाची अख्खी फाइल वाचली. कुठल्या बारमधून निघाला, डेप्युटीला काय म्हणाला, सरळ रेषेत चालताना कितव्या पावलाला तोल गेला, सगळं. पहिल्या पानावर माझं काम झालं होतं तरी मी पुढची पानं उलटत राहिले. कुठल्यातरी आईचा तो मुलगा, आपल्याच बाजूचा, आणि मी चीजच्या लॅबमधली बाई त्याची वाईटातली वाईट रात्र खिडकीपाशी उभी राहून वाचतेय. कायद्याने हक्क होता मला. तरी घरी येताना बरं वाटलं नाही.

आता उलटी बाजू, आणि ही जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या त्याच यादीत 'क्लिअर' म्हणून टिक केलेल्यांपैकी एकाला खरंच ओडब्ल्यूआय झालेली आहे. त्याने मला स्वतः सांगितलं, दादांचं प्रकरण बघून त्याला झोप येईना म्हणून, आणि हे लिहायला त्याची परवानगी आहे. कोण ते विचारू नका. त्याने या सीझनला गाडी काढणार नाही असं आधीच तुम्हाला कळवलंय, कारण वेगळं दिलंय. तर मग सीकॅपवर का दिसलं नाही? कारण या राज्यात पहिली ओडब्ल्यूआय गुन्हाच नाही! गाडीत सोळा वर्षांखालचं मूल असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर पहिल्या वेळी ती ट्रॅफिकची दिवाणी केस, दीडशे ते तीनशे डॉलर दंड, त्यावर दंडापेक्षा मोठा सरचार्ज, लायसन्स सहा ते नऊ महिने बंद, जेल नाही. आणि पकडणारा गावाचा पोलीस असला आणि गावाचं स्वतःचं म्युनिसिपल कोर्ट असलं तर ती केस तिथेच सुरू होते आणि तिथेच मिटते. अशी दोनशेच्या वर म्युनिसिपल कोर्टं आहेत राज्यात आणि सीकॅप ही सर्किट कोर्टांची साइट आहे. शेरीफच्या डेप्युटीने किंवा स्टेट पॅट्रोलने म्हणजे राज्याच्या हायवे पोलिसांनी पकडलं असतं तर केस सर्किट कोर्टात गेली असती आणि तुम्हाला दिसली असती. एकच माणूस, तेवढीच दारू, गावाच्या हद्दीच्या पाटीच्या अलीकडे पकडला की पलीकडे, एवढाच फरक.

म्हणजे तुमच्या चाळणीतून निर्दोष माणूस अडकला आणि दंड भरलेला आरपार गेला.

माझी आई साताऱ्याहून फोनवर म्हणते, अगं पण तिकडे तर कायदे कडक ना? तिला सांगितलं की आपल्याकडे मोटर व्हेईकल ॲक्टच्या कलम १८५ मध्ये १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच वेळी गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, इथली मर्यादा ०.०८ म्हणजे त्याच मापात ८०. साताऱ्यात जो गुन्हेगार ठरेल तो इथे एखादेवेळी 'ड्राइव्ह सेफ' ऐकून घरी जाईल. तिला पटलं नाही. कागदावरचा कायदा कडक असणं वेगळं आणि कागद बघायला मिळणं वेगळं, कल्याणीनगरच्या २०२४ च्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण आपण सगळ्यांनी वाचलंय.

सीकॅप वापरायचंच असेल तर निदान ते वाचायला शिका, मी शिकले तेवढं सांगते. केस नंबरमधली दोन अक्षरं बघायची, टीआर असेल तर साधी ट्रॅफिक, पहिली ओडब्ल्यूआय इथे येते. सीटी म्हणजे क्रिमिनल ट्रॅफिक, दुसरी-तिसरी इथे. सीएफ म्हणजे फेलनी, गंभीर गुन्हा, चौथी ओडब्ल्यूआय १ जानेवारी २०१७ पासून सरसकट फेलनी आहे. आणि 'दुसरी' हा शब्दही सरळ नाही, पहिलीनंतर दहा वर्षं उलटून गेली असतील तर पुढची पुन्हा पहिलीच धरतात, पण तिसरीपासून मोजताना १९८९ पासूनचं सगळं आयुष्य मोजतात.

मग पुढची गंमत. एका रात्रीच्या एका प्रकाराला बहुतेकदा दोन तिकिटं लागतात, एक ओडब्ल्यूआय म्हणजे नशेत चालवलं, दुसरं पीएसी म्हणजे रक्तातलं प्रमाण मर्यादेबाहेर. शिक्षा एकदाच होते, त्यामुळे ओडब्ल्यूआयमध्ये दोषी ठरला की पीएसीपुढे 'डिसमिस्ड' असं दिसतं. घाईत बघणाऱ्याला वाटतं दोन केसेस होत्या, किंवा उलट डिसमिस्ड वाचून वाटतं सुटला. दोन्ही चूक. कधी चार्ज बदलून रेकलेस ड्रायव्हिंग होतो, तेव्हा मूळ काय होतं ते खालच्या नोंदींत शोधावं लागतं. आणि केस नुसती दाखल झालेली असेल तर ती नुसती दाखल झालेली असते, रक्ताचा रिपोर्ट मॅडिसनच्या स्टेट लॅबमधून यायचाच असतो कधीकधी. साइटवर मोठ्या अक्षरांत सूचना असते, नोकरी देणाऱ्यांनो सांभाळा म्हणून, अटकेच्या किंवा शिक्षेच्या रेकॉर्डवरून भेदभाव करणं या राज्यात बेकायदेशीर ठरू शकतं. आपण काही नोकरी देत नाही, ठीक आहे, पण ती सूचना वाचून 'पुढे जा' दाबताना एक सेकंद थांबायला काय जातं.

आणि आपली नावं! संदीपला आय लावायचा की दोन ई, वडिलांचं नाव मधलं म्हणून आलंय की शेवटचं, बायकांचं लग्नाआधीचं आडनाव की नंतरचं. लायसन्सवर जसं आहे तसं पोलीस लिहितो आणि तसंच ते साइटवर जातं. तुम्ही एका स्पेलिंगने शोधलंत आणि 'काही नाही' म्हणालात, म्हणजे त्या स्पेलिंगचं काही नाही, बस. शिवाय नदी ओलांडली की आयोवा. डब्यूकमध्ये पकडला गेला तर ते आयोवाच्या कोर्टांच्या साइटवर, मिनेसोटाची साइट वेगळी, इलिनॉयमध्ये तर काउंटीगणिक वेगळा कारभार. आपल्यातले निम्मे जण शॉपिंगला नदीपलीकडे जातात, आणि तुम्ही एक साइट बघून अख्ख्या माणसाला टिक लावलीत.

मीटिंगमध्ये अजून एक वाक्य आलं, "पब्लिक रेकॉर्ड आहे, शेअर करायला काय हरकत?" पब्लिक आहे, शंभर टक्के. मला हा कायदा आवडतोसुद्धा, इथला ओपन रेकॉर्ड्स कायदा म्हणजे शेरीफकडे तोंडी मागा, नाव सांगू नका, कारण सांगू नका, तरी द्यावंच लागतं, आपल्या २००५ च्या माहिती अधिकारात कारण विचारत नाहीत पण नावपत्ता आणि दहा रुपये तरी लागतात. उलट आपल्याकडे तीस दिवसांची मुदत आहे, इथे नुसतंच 'शक्य तितक्या लवकर', आणि छोट्या काउंटीत रेकॉर्डचं काम बघणारी बाई एकटी असते आणि हरणाच्या शिकारीच्या सीझनला रजेवर जाते. इथल्या गावच्या साप्ताहिकात तर कोर्टाचा रिपोर्ट नावानिशी छापून येतो आणि लोक तो कॉफी पिताना वाचतात. पण त्यात पूर्ण नाव, वय, गाव, निकाल असतो. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये यातलं काय होतं? कापलेलं चित्र होतं ते. रेकॉर्ड पब्लिक आहे म्हणजे तुमचा अर्धवट फोटोही रेकॉर्ड झाला का?

आणि हे आपल्या लोकांत फिरतं तेव्हा नुसती बदनामी होत नाही. त्याच आठवड्यात दादांना तिघांनी विचारलं, व्हिसा राहिला का रे. विचारणाऱ्यांना नियम माहीत होता ना, २०१५ च्या नोव्हेंबरपासून पाच वर्षांतल्या नुसत्या अटकेवरूनही स्टेट डिपार्टमेंट व्हिसा रद्द करू शकतं, दोषी ठरायचीसुद्धा गरज नाही, मग पुढच्या वेळी मुंबईला स्टॅम्पिंगला गेलं की मेडिकल करा आणि बसा वाट बघत. इथलं 'गुन्हा नाही' तिथे कामाला येत नाही. म्हणून आपल्या लोकांत ही बातमी आगीसारखी पसरते, आणि म्हणूनच ती खोटी असली तर जास्त भाजते. दादांच्या वडिलांपर्यंत मिरजेला पोचली ती, कुणाच्या तरी चुलत्याकडून. ते पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांनी दादांना एवढंच विचारलं, तू पितोस का रे, आणि फोन ठेवून दिला.

तर मागणं काय आहे. सीकॅपचा नाद सोडा असं मी म्हणत नाही, पण ते शेवटी बघा, सुरुवातीला नाही. आधी माणसाला विचारा. 'गाडी काढणार असाल तर गेल्या दहा वर्षांत काही झालंय का' हा प्रश्न तोंडावर विचारायची आपल्याला लाज वाटते, पाठीमागे नाव शोधायची वाटत नाही, हे उलटं आहे. दुसरं, प्रत्येकाने आपला स्वतःचा ड्रायव्हर रेकॉर्ड डीएमव्हीकडून, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याकडून, काढून दोन जणांना दाखवावा, थोडेसे डॉलर लागतात, ते मंडळाने द्यावेत. त्यात म्युनिसिपल कोर्टातली पहिली ओडब्ल्यूआयसुद्धा येते कारण दोषी ठरल्याचं डीएमव्हीला कळवतातच, आणि ती नोंद आयुष्यभर राहते. दाखवून झालं की कागद परत, फोटो नाही. माझा मी काढलाय, २०१९ चं एक स्पीडिंग आहे, काउंटी रोड झेडझेडवरचंच, हसा. तिसरं, सीकॅपवर काही दिसलंच तर जन्मसाल आणि पत्ता जुळवायचा आणि त्या माणसाला दाखवल्याशिवाय तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही. आणि कुणाला खरंच काही झालेलं असेल, जुनं, भोगून झालेलं, तर गाडी द्यायची की नाही ते त्याच्याशी बोलून ठरवा, मी स्वतः ताजी केस असलेल्याला पोरं देणार नाही आणि वीस वर्षांपूर्वीच्या चुकीवर आता एक थेंब न पिणाऱ्याला नाही म्हणणार नाही, तुमचं वेगळं मत असू शकतं.

आणि दादांची माफी. स्क्रीनशॉट ज्या ग्रुपवर आला त्याच ग्रुपवर, तितक्याच मोठ्या अक्षरांत. 'काही गैरसमज झाला असल्यास' वगैरे नको. कुणाच्या चुकीने काय झालं ते सरळ लिहा.

येत्या रविवारी दादा गाडी काढतायत, मी त्यांना विचारलं आणि ते बराच वेळ गप्प बसून हो म्हणाले. सात पंचवीसला क्विक ट्रिप पेट्रोलपंपाच्या पार्किंगमध्ये. माझी दोन पोरं आणि त्यांची मुलगी मिळून तीन झाली, दोन सीट्स रिकाम्या आहेत. ज्यांना पाठवायचंय त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत मला नाही, त्यांना फोन करावा.

तुमचीच,
झेडझेडवरची वहिनी